सीएमए करायचंय? आधी डाळमिल पाहून या

लातूर-जालन्याकडची बारावी कॉमर्स झालेली मुलं मला विचारतात, सीए करू की सीएमए (कॉस्ट अँड मॅनेजमेंट अकाउंटंट)? मी उलट विचारते, एखादी वस्तू तयार होताना पैसा नेमका कुठे मुरतो, हे शोधायला तुला आवडेल का? आवडत असेल तर बिनधास्त सीएमएकडे ये.

हा कोर्स इन्स्टिट्यूट ऑफ कॉस्ट अकाउंटंट्स ऑफ इंडियाचा. संस्था १९४४ ची, १९५९ च्या कायद्याने तिला वैधानिक दर्जा मिळाला, मुख्यालय कोलकात्याला. घरातली मोठी माणसं 'आयसीडब्ल्यूए' म्हणत असतील, तर ती हीच. छत्रपती संभाजीनगरात तिचा चॅप्टर, म्हणजे स्थानिक शाखा, आहे, चौकशीला तिथेच जा.

बारावीनंतर फाउंडेशनचे चार पेपर. पदवीधरांना थेट इंटरला, म्हणजे मधल्या इंटरमीडिएट टप्प्याला, प्रवेश. इंटर आणि फायनलला आठ-आठ पेपर, दोन-दोन ग्रुपमध्ये. परीक्षा जून आणि डिसेंबरात. प्रत्येक पेपरला किमान ४० हवेत, शिवाय ग्रुपची बेरीज निम्म्यावर जायला हवी. मुलं अडकतात ती इथेच. चारही पेपरांत ४५ पडले तरी ग्रुप नापास होतो. म्हणून आवडीच्या एखाद्या पेपरात ६० च्या वर मारायची तयारी ठेवा. ग्रुप गेला तरी तो पेपर पुढच्या वेळी माफ होतो.

कॉस्टिंगचा, म्हणजे वस्तूचा खर्च काढण्याचा, पेपर नुसता पाठ करून निघत नाही. मोंढ्यात ओळखीचं कुणी असेल तर एखाद्या डाळमिलमध्ये अर्धा दिवस घालवा आणि हिशेब मांडा. समजा, १०० किलो तूर ८० रुपयांनी घेतली. ८,००० झाले. भरडाई, वीज, हमाली ६०० रुपये. डाळ निघाली ७० किलो, चुनी-भुसा पशुखाद्यासाठी ६०० रुपयांना गेला. ते ६०० वजा केले की डाळ किलोला साधारण ११४ रुपयांना पडते. चुनी विसरलात तर जवळपास १२३. आता उतारा (निघणारी डाळ) ७० वरून ७२ किलोवर नेऊन बघा, किलोमागे तीन रुपये वाचतात. बाय-प्रॉडक्ट (सोबत निघणारा दुय्यम माल) आणि प्रोसेस लॉस (प्रक्रियेतली घट) ही दोन प्रकरणं एवढ्यात डोक्यात बसतात. माझं ठाम मत आहे, आपल्या भागातल्या मुलांना हे शहरातल्या क्लासपेक्षा लवकर कळतं.

साखर कारखान्यातही तेच: उसातून साखर, सोबत मळी आणि बगॅस (उसाचा चोथा). कारखाना कंपनी म्हणून नोंदलेला असेल आणि उलाढाल नियमांतल्या मर्यादेपुढे असेल, तर कंपनी कायदा २०१३ च्या कलम १४८ खाली कॉस्ट ऑडिट, म्हणजे खर्चाच्या हिशेबांची तपासणी, लागतं, आणि ते फक्त प्रॅक्टिस करणारा कॉस्ट अकाउंटंटच करू शकतो.

इंग्रजीला घाबरू नका. पेपर मराठीत नसतात हे खरं, पण उत्तरात लागणारी भाषा ठरलेली असते. संस्थेच्या वेबसाइटवर स्टडी मटेरियल आणि जुन्या पेपरांची उत्तरं मोफत आहेत. रोज एक उत्तर हाताने लिहून काढा. गाइडवर पैसे घालवू नका.

कोर्समधल्या प्रॅक्टिकल ट्रेनिंगला संभाजीनगरजवळच्या वाळूज किंवा शेंद्रा औद्योगिक वसाहतीत जागा मिळाली, तर साहेबांकडे हट्ट धरून पहिले काही दिवस स्टोअर आणि शॉपफ्लोअरवर मागून घ्या. स्टोअरमधून माल देतानाची इश्यू स्लिप कोण भरतो, स्क्रॅप कुठे वजन करतात, मशीन बंद पडल्याची नोंद होते की नाही, हे सुपरवायझरला विचारा. कॉस्ट शीटमधला (खर्चाच्या तक्त्यातला) प्रत्येक आकडा तिथूनच येतो, आणि इंटरव्ह्यूत प्रश्नही त्यावरच विचारतात.