उंदराच्या मुतात जपलेलं हिमयुग कसं वाचायचं

हिमयुगात कुठे कुठली झाडं होती हे शोधायचं म्हटलं की सगळे परागकणांकडे बोट दाखवतात, पण पराग वाऱ्याने मैलोन्मैल उडतो, त्यामुळे झाड इथलं की लांबचं हे कळत नाही. मला विचाराल तर अमेरिकेच्या नैऋत्य वाळवंटातला पॅकरॅट नावाचा उंदीर जास्त भरवशाचा. हा पठ्ठ्या शंभरेक मीटरच्या आतल्या काड्या, पानं, बिया, काटे सगळं कपारीत आणून रचतो आणि त्यावरच मुततो, मूत सुकून राळेसारखं कडक होतं आणि आतला माल हजारो वर्षं टिकतो, फक्त वरून पाणी लागायला नको (कोकणातल्या एका पावसाळ्यात खेळ खलास). 1849 ला सोन्यामागे निघालेल्या भुकेल्या लोकांनी नेवाडात असे चकाकणारे गोळे खाल्लेले, गोडसर लागले आणि मग मळमळलं, तेव्हा पहिली स्टेप, चाखू नका.

दुसरी, परवानगी काढा आणि मास्क लावा, उंदरांच्या घाणीतून हंटाव्हायरस होतो. मग छिन्नी-हातोडीने ढेकूळ काढा, थर वेगवेगळे ठेवा, वरची साल खरवडून टाका कारण नंतरचा कचरा तिलाच चिकटलेला असतो. ढेकूळ बादलीत काही दिवस भिजत घाला, विरघळलं की चाळा, वाळवा आणि तांदूळ निवडतो तसं भिंगाखाली निवडत बसा. पाइनच्या सुया एका झुबक्यात किती आहेत ते मोजा, पिन्यन (बुटका पाइन) याच्या एका जातीत एकच असते, दुसरीत दोन, लिंबर पाइनला पाच.

वय कार्बन-14 ने काढतात, साधारण 50 हजार वर्षांपर्यंत चालतं. पण ज्या झाडाबद्दल बोलायचंय त्याचीच सुई किंवा बी तपासा, शेजारची काडी नको, एकाच ढेकळात वेगवेगळ्या काळातला माल मिसळलेला असू शकतो.

आता हवामान. 1964 मध्ये फिलिप वेल्स आणि क्लाइव्ह जॉर्गेनसन या संशोधकांनी दाखवलं की मोहावी वाळवंटातल्या ज्या डोंगरांवर आज जुनिपरचं (पाइनसारखंच एक सदाहरित झाड) एकही झाड नाही तिथल्या ढिगाऱ्यांत जुनिपर भरलंय. समजा जुनिपर आज 1800 मीटरपासून वर उगवतं आणि तुम्हाला सापडलं 1200 वर, तर 1000 मीटरला साधारण साडेसहा अंश धरून जवळजवळ 4 अंश थंडी, असा हिशोब लोक पटकन मांडतात, आणि इथेच फसतात. कारण जुनिपरला खालच्या बाजूला अडवतो तो मुख्यतः कोरडेपणा, त्यामुळे ते खाली उतरलं म्हणजे थंडी वाढली की पाऊस, हे एका झाडावरून ठरत नाही. दहा-बारा जाती घ्या, त्या सगळ्यांना आज एकत्र चालेल असं हवामान शोधा. तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइडही कमी होता, तोही झाडांना जाचतो. आणि एखादं झाड सापडलं नाही म्हणून ते नव्हतंच असं लिहू नका हां, उंदराची आवडनिवड असते.

लेंड्या फेकू नका. थंडीत हे उंदीर अंगाने मोठे होतात, लेंडीही जाड होते, तिची रुंदी मोजली की झाडांवरून काढलेला अंदाज ताडून बघता येतो.