जुन्या सुती लेसचा पिवळेपणा कसा काढावा

पेटीत वर्षानुवर्षे ठेवलेल्या पांढऱ्या झबल्याची किंवा क्रोशाच्या लेसची घडी पिवळी पडते, ती बहुधा सुती तंतूंचे सावकाश ऑक्सिडीकरण झाल्यामुळे आणि धुण्यात राहून गेलेली खळ, घाम वा साबण यांमुळे. पुढील पद्धत केवळ पांढऱ्या सुती व लिनन कापडासाठी आहे; रेशीम, लोकर आणि जरीवर ती वापरू नये.

प्रथम कापड उजेडासमोर धरून विरलेल्या जागा पाहाव्यात. गंजाचे डाग असल्यास पुढे जाऊ नये, कारण पुढील द्रावणात तयार होणारे हायड्रोजन पेरॉक्साइड लोहाच्या सान्निध्यात तंतूच कुरतडते. लेस जाळीच्या कापडावर पसरून गार पाण्यात भिजवावी आणि पाणी पिवळे होईनासे होईपर्यंत बदलत राहावे. माझ्या अनुभवात निम्मे काम येथेच होते. त्यानंतर सुमारे 40 अंश सेल्सिअस तापमानाच्या दोन लिटर पाण्यात एक मोठा चमचा सोडियम परकार्बोनेट (पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड सोडणारी, डाग फिके करणारी भुकटी) पूर्ण विरघळवून, हातमोजे घालून, त्यात लेस दोन-तीन तास बुडवून ठेवावी व अधूनमधून तपासावी. क्लोरीनयुक्त ब्लीच मात्र टाळावे. ते जुना धागा दुबळा करते. निळीने पिवळेपणा झाकला जातो, निघत नाही.

भरपूर पाण्याने खळबळून, न पिळता, ओली लेस जाळीसकट उचलावी, कारण ओल्या कापडाचे वजन जीर्ण टाके तोडू शकते. ती पांढऱ्या टॉवेलवर सपाट वाळवावी. नंतर खळ न देता, धुतलेल्या मलमलीत गुंडाळून ठेवावी.