‘कोणती लाइन घेऊ?’ विचारणाऱ्या बडोद्याच्या मुलांसाठी

दरवर्षी उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, मी बडोद्याला येते, आणि आमच्या दांडिया बाजारच्या गच्चीवर पतंगांपेक्षा बायोडेटाच जास्त उडतात. ‘आत्या, कोणती लाइन घेऊ म्हणजे परदेशाचा व्हिसा लगेच मिळेल?’ हा प्रश्न उंधियूचा पहिला घास घ्यायच्या आत येतो. भोंगे आणि ‘काय पो छे’च्या गदारोळात उत्तर नीट देता येत नाही, म्हणून लिहून ठेवते. कलाभवनातून इलेक्ट्रिकलची डिग्री, मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, पाच वर्षं पॅनेल आणि पीएलसीची (मशिन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरची) कामं, मग २०१३ मध्ये ब्लू कार्डावर, म्हणजे शिकलेल्या कामगारांना नोकरीसाठी मिळणाऱ्या परवान्यावर, जर्मनी, असा माझा रस्ता. तेव्हा पुढचं मुख्यतः जर्मनीचं आहे.

‘डिमांड’ची यादी, म्हणजे कोणत्या कामांना माणसं कमी पडतात ती सरकारी यादी, बघून लाइन घेऊ नका. यादी त्या देशाच्या गरजेची असते आणि गरज भागली की ते ती फाडून टाकतात. इंग्लंडनं २०२२ मध्ये केअर वर्कर म्हणजे आजारी-म्हाताऱ्यांची देखभाल करणाऱ्यांसाठी दार उघडलं आणि २२ जुलै २०२५ ला बाहेरून नवी भरती बंदही केली. मधल्या काळात आमच्या ओळखीतल्या एका मुलीनं चांगली लॅबमधली नोकरी सोडून सहा महिन्यांचा केअरचा कोर्स केला. कोर्स संपला, दार बंद. आता ना लॅब, ना लंडन.

जर्मनीचा स्वतःचा हिशोबच बघा. १ जून २०२४ पासून चान्सेनकार्टे, म्हणजे संधी-कार्ड, मिळतं. नोकरी हातात नसताना येऊन एक वर्षापर्यंत शोधायची मुभा, आणि तोवर आठवड्याला वीस तास काम करता येतं. आधी किमान दोन वर्षांचं मान्यताप्राप्त शिक्षण हवं, शिवाय जर्मनची ए१ किंवा इंग्रजीची बी२ पातळी (ए१ सगळ्यात खालची, मग ए२, बी१, बी२ अशा चढत जातात), आणि वर्षभराचा खर्च भागेल एवढे पैसे दाखवायला. त्यावर सहा गुण जमवायचे. आता गुण कुठं किती ते बघा. तुमचं काम टंचाईच्या यादीत आहे? एक गुण. जर्मन ए२? एक. बी१? दोन. बी२? तीन. गेल्या सात वर्षांत पाच वर्षांचा अनुभव? तीन. वय पस्तिशीच्या आत? दोन. आणि तुमच्या शिक्षणाला तिथं अर्धवट मान्यता मिळाली असेल तर तब्बल चार. ज्या यादीसाठी पोरं रात्र-रात्र जागून व्हिडिओ बघतात, तिला सरकारनं जेमतेम ए२ भाषेएवढी किंमत दिली आहे.

म्हणून माझं म्हणणं, जे हाताला येतं त्यालाच तिथला कागद आणि तिथली भाषा जोडा. इंजिनिअरला डेटा सायन्सचं वेड लागलंय, लागू दे. पण ज्यानं चार वर्षं जीआयडीसीत मशिन्स चालू करून दिली, त्यानं ती सोडून पायथॉनचं तीन महिन्यांचं सर्टिफिकेट घेतलं तर तो अनुभवी माणसाचा नवशिक्या होतो. आयटीत मुरलेल्यांसाठी गोष्ट वेगळी. गेल्या सात वर्षांत तीन वर्षांचा दमदार अनुभव असेल तर डिग्री नसतानाही ब्लू कार्ड मिळू शकतं, पगाराची अट मात्र आहेच. टंचाईच्या कामांना आणि नुकत्याच पदवीधर झालेल्यांना ती थोडी कमी आहे. २०२५ मध्ये वर्षाला ४३,७५९ युरो ८० सेंट, बाकीच्यांना ४८,३०० होती. आकडा दर जानेवारीत बदलतो, तेव्हा कुणी सांगितला म्हणून धरून बसू नका.

आयटीआयवाल्यांशी जरा जास्त बोलायचंय. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं ते हाताला कसब मिळावं म्हणून, आणि आज त्याच शहरात आयटीआयला गेलेल्या पोराला लग्नकार्यात ‘मार्क कमी पडले वाटतं’ ऐकावं लागतं. जर्मनीत मात्र चांगल्या इलेक्ट्रिशियनच्या तारखेसाठी लोक महिनामहिना थांबतात. पण मेख अशी की तिथं दोन वर्षांच्या शिक्षणाची अट आहे. फिटर, इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट, टर्नर हे आपले ट्रेड दोन वर्षांचे. वेल्डर एकच वर्षाचा. म्हणजे उत्तम वेल्डर कागदावर अडतो आणि साधारण फिटर पुढं जातो. अन्याय आहे, पण ट्रेड निवडताना हे कुणीच सांगत नाही, म्हणून सांगते.

नर्सिंगला मागणी खरी आणि टिकाऊ. मात्र तिथं डिप्लोमा-डिग्रीची तपासणी होते, कमी पडेल तेवढं प्रशिक्षण किंवा परीक्षा द्यावी लागते, आणि परवान्यासाठी बहुतेक ठिकाणी जर्मन बी२ लागतं. पेशंट कळवळून काय म्हणतोय ते कळायला हवं ना.

भाषेचं मी माझ्याच फजितीवरून सांगते. जर्मनीतल्या पहिल्या वर्षी एका कारखान्यात मशिन्सची लाइन चालू करायला गेले होते. तिथला फोरमन म्हणाला, ‘झिशरुंग’ गेलीय. मला ए१ पुरतं जर्मन. मी ऐकलं ‘झिशरहाइट’, म्हणजे सुरक्षा. दोन तास इमर्जन्सी स्टॉप आणि दारांचे स्विच तपासत बसले. झिशरुंग म्हणजे फ्यूज! साधा फ्यूज उडाला होता. फोरमन काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर एक नवा फ्यूज ठेवलेला होता. त्याच आठवड्यात मी फोल्क्सहोखशूलेत, म्हणजे तिथल्या नगरपालिकांच्या प्रौढ शाळेत, संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं. भाषेचा आणखी एक रोकडा फायदा: ब्लू कार्डावर बी१ असेल तर २१ महिन्यांत कायमचा राहण्याचा परवाना, ए१वर २७. शिकायला सुरुवात बडोद्यातच करा. विमानात बसल्यावर नाही.

एजंटांबद्दल. मी निघताना एका कन्सल्टंटनं साठ हजार घेऊन मला जी फाइल दिली, त्यातले सगळे फॉर्म दूतावासाच्या साइटवर फुकट होते. आपल्या सरकारकडे नोंदलेल्या भरती एजंटला कामगाराकडून तीस हजार रुपये आणि जीएसटी यापलीकडे सेवाशुल्क घेता येत नाही. त्याचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघून घ्या. क्रमांक विचारल्यावर जो चहा मागवायला लागतो, त्याच्याकडून चहा पिऊन उठा.

जे जर्मनीत येऊन पोचलेत त्यांच्यासाठी थोडकं: घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करा, त्याशिवाय पुढचं बरंचसं अडतं. प्रोबेशन बहुधा सहा महिन्यांचं असतं आणि त्या काळात दोन्ही बाजूंना दोन आठवड्यांच्या नोटिशीवर मोकळं होता येतं, तेव्हा लगेच गाडीचं कर्ज काढू नका. रविवारी दुकानं बंद. दूध शनिवारीच आणा.

आणि खास आपल्या बडोदेकर मराठी मंडळींसाठी एक. आपल्या पुष्कळांच्या गुजरात बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी आणि वडिलांच्या नावाला ‘भाई’ चिकटलेलं असतं; पासपोर्टवर ‘भाई’ गायब. एका भाच्याचं पदवीचं प्रमाणपत्र तपासायला दिलं तर विचारणा आली, हे दोन वेगळे गृहस्थ का? प्रतिज्ञापत्र, राजपत्र, पुन्हा प्रत, यात चार महिने गेले. पुढच्या उत्तरायणाला येताना बायोडेटा घरी ठेवा. मार्कशीट आणि पासपोर्ट आणा, मी आधी नावं जुळवून बघणार आहे.