एक चाल, दहा गळे: डान्सहॉलचा ठेका हलगी-ढोलकीवर बसवताना

एकाच चालीवर दहा गाणी ही गोष्ट मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. भीमगीत असो, गोंधळ असो, नाहीतर लग्नातलं विहिणीचं गाणं. चाल ओळखीची, शब्द ताजे. जमैकात हेच काम 'रिडिम' करतं. रिडिम म्हणजे ढोल आणि बेस यांचा तयार साचा. एक साचा बाजारात आला की दहा-वीस गायक त्यावर आपापलं गाणं बांधतात, आणि कुणी कुणाला चोर म्हणत नाही.

जमैकाची राजधानी किंग्स्टन, तिथल्या ज्यांना बड्या क्लबांचं दार बंद होतं, ते १९५० च्या दशकापासून साध्या हॉलमध्ये, मोकळ्या अंगणात भलेमोठे स्पीकर रचून रेकॉर्डवर नाचायचे. त्या जागांवरूनच पुढे १९८० च्या आसपास या संगीताला डान्सहॉल नाव पडलं. शब्दांचा एक घोळ आधीच मिटवू. आपल्याकडे डीजे म्हणजे गाणी लावणारा. तिकडे गाणी लावणारा तो 'सिलेक्टर', आणि माईकवर ठेक्यात बोलणारा-गाणारा तो 'डीजे'. आपल्या शाहिराला तिकडे डीजेच म्हटलं असतं.

आता ठेका. आठ मात्रांचा आहे, आपल्या केरवा तालाच्याच मापाचा. फरक वजनाचा. केरव्यात हात पहिल्या आणि पाचव्या मात्रेला टेकतो. इथे वजन पहिल्या, चौथ्या आणि सातव्या मात्रेवर, म्हणजे तीन-तीन-दोन असे तुकडे पडतात. तोंडात बसवायला हे म्हणा:

ज्वा-री-ची । ज्वा-री-ची । भा-कर

दोन्ही 'ज्वा' आणि 'भा' जोरात, बाकी पुटपुटल्यासारखं. गंमत म्हणजे केरव्याच्या बोलात हे वजन दडलेलंच आहे: धा गे ना ती, न क धी न. चौथा 'ती', सातवा 'धी'. त्यामुळे ढोलकीवाल्याला नवं काही शिकायचं नाही, पाचव्या मात्रेची सवय तेवढी सोडायची आहे. पण तीच सुटत नाही. पाचवी जोरात पडली की ठेका गपकन केरव्यात परत जातो आणि ऐकणाऱ्याला काय बिघडलं ते कळतही नाही.

मोबाईलवर मेट्रोनोम (लय धरून टिकटिक करणारं ॲप) मिनिटाला ६० टिकांवर लावा आणि एका टिकेत चार मात्रा बसवा. निव्वळ टाळ्यांवर दहा मिनिटं काढा, वाद्य नको. मग ७०, ८०, शेवटी १००. १०० ला आठ मात्रांचं आवर्तन मिनिटात ५० वेळा फिरतं. डान्सहॉलची लय साधारण ९० ते १०५ च्या आत असते. वरातीची सवय असलेला हात आपोआप १३० कडे पळतो. तिथे नाचता येतं, पण शब्द मावत नाहीत. हलगीवाल्यांची आणखी एक खोड: शेवटचा दोनचा तुकडा ताणून तीनचा करतात. मग आवर्तन नऊ मात्रांचं होतं आणि चार-पाच आवर्तनांत बेसवाला वेगळ्या गावाला पोचतो. तसं झालं की थांबा आणि तोंडाने 'भाकर' वर 'भाकर' म्हणत पुन्हा टाळीवर या.

वाटणी अशी करा. ढोलकीच्या डाव्या घुमणाऱ्या बाजूवर फक्त पहिली मात्रा. चौथी आणि सातवी शाईच्या बाजूला, काठावर, मोकळी आणि खणखणीत. मधल्या मात्रा रिकाम्या सोडा. रिकामी जागा दिसली की जादा बोलांचा तुकडा टाकायचा मोह होतो, तो चार आवर्तनं पुरी झाल्यावरच टाका. हलगीवर जाड टिपरू पहिल्या मात्रेला मधोमध, आणि बारीक काडी चौथ्या-सातव्याला. ऑक्टोपॅड असेल तर किक (घुमणारा ठोका) पहिल्यावर, स्नेअर (कडक ठोका) चौथ्या-सातव्यावर. ठेका पक्का झाल्यावर पाचव्याला अगदी हलकी किक चालते. हाच साचा पुढे स्पॅनिश गाण्यांत गेला आणि रेगेटॉन झाला, म्हणून कान त्याला आधीच सरावलेले असतात.

हलगी कातड्याची असेल तर १४ एप्रिलच्या उन्हात तिला काही करावं लागत नाही. भाद्रपदात मात्र ती दर अर्ध्या तासाला सैल पडते. तुराट्यांचा छोटा जाळ करा, हलगी जाळापासून वीतभर वर धरून गोल फिरवत राहा, मधूनमधून बोटाने टिचकी मारा. आवाज 'भद्द' वरून 'टण्ण' वर आला की बाजूला घ्या. एकाच जागी धरली तर तिथलं कातडं करपतं आणि पुढच्या कार्यक्रमात बरोबर तिथेच फाटतं.

आता कॅसिओ. आपल्याकडे कोणत्याही कंपनीच्या कीबोर्डला कॅसिओच म्हणतात, आणि डान्सहॉलच्या इतिहासातली मोठी उलथापालथही खऱ्याखुऱ्या कॅसिओनेच केली. एमटी-४० या छोट्या कीबोर्डमध्ये कॅसिओ कंपनीतल्या हिरोको ओकुदा यांनी बसवलेला एक तयार 'रॉक' ठेका होता. जमैकातले निर्माते किंग जॅमी यांनी १९८५ मध्ये तो संथ करून वेन स्मिथ या गायकाचं गाणं केलं. त्या 'स्लेंग टेंग' रिडिमवर पुढे शेकडो गाणी निघाली आणि स्टुडिओत वाजवणाऱ्या माणसांची जागा यंत्राने घेतली. तेव्हा तुमच्याकडचा कीबोर्ड जुना आहे, स्वस्त आहे, ही सबब चालणार नाही.

डाव्या हाताने बेस: पहिल्या आणि चौथ्या मात्रेला सा, सातव्याला मंद्र पंचम. इतकंच, आणि दहा मिनिटं न कंटाळता. उजव्या हाताने तिसऱ्या आणि सातव्या मात्रेला कॉर्ड, पण झटका देऊन लगेच उचलायचा. कॉर्ड दाबून धरला की आरती सुरू झाल्यासारखं वाटतं. बेंजोवाल्याला आधीच सांगून ठेवा, गायकाच्या ओळीवर ओळ वाजवायची नाही. दोन कडव्यांमधली जागा त्याची.

शब्द बसवताना पहिली मात्रा बेसला सोडा आणि दुसरीपासून सुरू करा. नमुना:

सोयाबीनचा भाव ऐका
मोंढ्यात आज नेऊ नका

सो-या-बीन-चा-भाव-ऐ-का, सात अक्षरघाव. दुसऱ्या मात्रेपासून आठवीपर्यंत नेमके. वजन 'बीन' आणि 'ऐ' वर येतं, खालच्या ओळीत 'आज' आणि 'न' वर. वजनाच्या मात्रेवर अर्थाचा शब्द आला पाहिजे. 'आणि', 'तर', 'पण' तिथे पडले की ओळ फुसकी. सूर दोन-तीनच ठेवा. तान घेतली तर ठेका मागे पडतो.

दहा गळ्यांचा कार्यक्रम करायचा तर प्रत्येकाला १६ आवर्तनं, म्हणजे १०० च्या लयीत जवळपास २० सेकंद. पाळी बदलताना वाजवणाऱ्यांनी थांबायचं नाही. बेसवाल्याकडे उघडा पंजा केला की चार आवर्तनं बेस बंद, नुसती हलगी आणि गळा. मूठ आवळली की बेस परत. बेस परत येतो त्या क्षणाला माणसं उठतात, भरगच्च वाजवण्याने नाही. लोकांनी ओरडा केला तर गाणं मध्येच तोडून पहिल्यापासून सुरू करायचं. तिकडे त्याला 'पुल-अप' म्हणतात, इकडे वन्स मोअर. दोन पार्ट्या समोरासमोर असतील तर कलगी-तुऱ्यासारखा सामनाही होतो: तिकडच्या साउंड क्लॅशचा नियमही हाच, समोरच्याने म्हटलेलं आपण म्हणायचं नाही.

बेसचे डबे जमिनीवर, शक्यतो भिंतीला लागून ठेवा, त्याच वॅटमध्ये घुमारा वाढतो. ट्रॉलीवर उंच चढवले की तो जातो, आणि मग माणूस अँप्लिफायर पिळत बसतो. लाल दिवा सतत पेटलेला दिसला तर आवाज कमी करा, स्पीकरची कॉइल जळण्याआधीची ती शेवटची सूचना असते. रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद, तेव्हा शेवटची फेरी पावणेदहाला सुरू करा आणि तिच्यात वन्स मोअर घेऊ नका.