हंगामी कृषी सल्ला : नव्या फुलवाफ्यांचे मांजरांपासून संरक्षण

हंगाम बदलताना जुनी फुलझाडे काढून, माती खणून, ढेकळे फोडून आणि शेणखत मिसळून नवे वाफे तयार केले जातात. बी पेरल्यापासून किंवा रोपे लावल्यापासून पानांची दाटी होईपर्यंत साधारण तीन ते चार आठवडे ही माती उघडीच असते आणि परिसरातील मांजरांचा उपद्रव बहुतांशी याच काळात होतो. मांजर फुलांसाठी येत नाही. विष्ठा पुरण्यासाठी तिला भुसभुशीत, कोरडी आणि पंजाने सहज उकरता येणारी माती हवी असते, आणि बी पेरण्यासाठी आपण नेमकी तशीच माती तयार करून ठेवतो. त्यामुळे मांजराला हाकलण्यावर शक्ती खर्च करण्यापेक्षा या तीन-चार आठवड्यांपुरता मातीचा पृष्ठभाग तिच्या उपयोगाचा राहू न देणे हा अधिक खात्रीचा मार्ग आहे.

उपाय योजण्यापूर्वी नुकसान मांजरानेच केले आहे ना, हे पाहून घ्यावे. मांजराने केलेला खड्डा उथळ असतो, त्याच्या कडेची माती चारी बाजूंनी आत ओढलेली दिसते आणि वर लहानसा उंचवटा तयार होतो. खुरपीच्या टोकाने तो हलवल्यास खाली विष्ठा सापडते आणि ओलसर मातीला तीव्र वास येतो. ओल्या मातीवर पंजाचा ठसा उमटला असल्यास तो गोलसर, सुमारे तीन ते चार सेंटीमीटर रुंदीचा असतो आणि चार बोटांच्या पुढे नखांच्या खुणा नसतात, कारण चालताना मांजर नखे आत ओढून घेते. कुत्र्याच्या ठशात नखे स्पष्ट दिसतात आणि कुत्रा सहसा खड्डा तसाच उघडा टाकून जातो. घुशीचे काम याहून वेगळे असते. तिच्या बिळाच्या तोंडाशी मातीचा ढीग साचतो आणि रोपे मुळाकडून कुरतडलेली आढळतात. घुशीच्या उपद्रवावर पुढील उपायांचा उपयोग होणार नाही.

सर्व उपायांत तारेची जाळी सर्वांत भरवशाची आहे. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी छिद्रांची, सुमारे अडीच सेंटीमीटर छिद्राची जाळी वाफ्याच्या मापाने कापून पेरणीनंतर मातीवर सपाट अंथरावी, तारेच्या वाकवलेल्या खुंट्यांनी कडा घट्ट दाबून टाकाव्यात आणि वर मातीचा किंवा कंपोस्टचा अगदी पातळ थर पसरावा. पंजा पहिल्याच ओरखड्यात तारेला अडतो आणि खणता येत नाही असे कळले की मांजर दुसरी जागा शोधते. बी पेरलेल्या वाफ्यात अंकुर छिद्रांतून सरळ वर येतात. तयार रोपे लावायची असल्यास ठरलेल्या अंतरावर जाळीला फुलीच्या आकाराचा छेद द्यावा आणि कापलेली टोके खाली वाकवून रोप लावावे, म्हणजे टोके खोडाला व हाताला लागत नाहीत. कापलेल्या कडांची टोकेही अशीच खाली वळवावीत. येथे एक दक्षता आवश्यक आहे. झेंडूसारख्या जाड बुंध्याच्या झाडांच्या वाफ्यात जाळी हंगामभर तशीच ठेवल्यास तार खोडात रुतते आणि पुढे ती काढताना मुळेही उपटून येतात. म्हणून अशा पिकांत छेद मोठे ठेवावेत किंवा रोपांच्या ओळींमधील पट्ट्यांतच जाळी अंथरावी. प्लास्टिकची मऊ पक्षीजाळी सैल पसरून ठेवणे मात्र टाळावे, कारण तिच्यात पक्षी आणि साप अडकून मरतात.

जाळी उपलब्ध नसेल तेथे छाटणीतून निघालेल्या काटक्या वापरता येतात. एक वीत उंचीच्या काटक्या दहा ते पंधरा सेंटीमीटर अंतरावर उभ्या खोचल्या तर मांजराला वळून बसण्यापुरतीही जागा उरत नाही. गुलाबाच्या काटेरी फांद्या वापरण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु त्या काट्यांनी मांजराच्या पंजाआधी खुरपणी करणाऱ्याचाच हात सोलून निघतो. साध्या, बोथट काटक्या पुरेशा आहेत. रोपे हातभर वाढल्यानंतर आच्छादनावर भर द्यावा. झाडाच्या सालीचे जाड तुकडे, सुपारीएवढे गोटे किंवा भरड पालापाचोळा यांचा पाच सेंटीमीटरचा थर मांजराला अडवतो आणि ओलही टिकवतो. याउलट कोकोपीट, (नारळाच्या काथ्याचा भुसा), लाकडाचा भुसा, बारीक वाळू ही आच्छादने मांजराला मातीपेक्षाही अधिक आवडतात, तेव्हा उपद्रव असलेल्या बागेत ती उघडी पसरू नयेत. हाडांचे खत, रक्ताचे खत किंवा मासळीचे खत वाफ्याच्या वरच्या थरात राहिल्यास त्याच्या वासानेही मांजरे व कुत्री माती उकरतात. ही खते मातीत खोल मिसळावीत आणि लगेच पाणी द्यावे.

माती ओली ठेवल्यास मांजर ती टाळते, हे खरे आहे, आणि मांजरांचा वावर पहाटे व तिन्हीसांजेला जास्त असल्यामुळे संध्याकाळी झारीने वरची माती भिजवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो सल्ला वाढलेल्या झाडांच्या वाफ्यापुरताच पाळावा. रोपवाटिकेत रात्रभर ओली राहणारी माती म्हणजे रोपे कोलमडण्याच्या बुरशीला आमंत्रण असते आणि मांजराने उकरली असती त्याहून जास्त रोपे त्यात जातात. गादीवाफ्याला, म्हणजे रोपे वाढवण्याच्या उंच वाफ्याला, पाणी सकाळीच द्यावे आणि संरक्षणासाठी जाळीवर विसंबावे. हालचाल ओळखून पाण्याचा फवारा सोडणारे यंत्र परिणामकारक असते, कारण त्यातील संवेदक उष्ण शरीराची हालचाल टिपतो आणि अचानक उडालेल्या पाण्याला व आवाजाला मांजर घाबरते. मात्र ते माणसालाही तितक्याच तत्परतेने भिजवते, त्यामुळे वाटेकडे तोंड करून बसवू नये. श्राव्यातीत, म्हणजे माणसाला ऐकू न येणाऱ्या उंच ध्वनीच्या, यंत्रांबाबत अपेक्षा माफक ठेवाव्यात. माणसाला साधारण 20 किलोहर्ट्झपर्यंतचाच ध्वनी ऐकू येतो, मांजराला 60 किलोहर्ट्झच्या पुढचाही येतो, आणि या फरकावर ही यंत्रे चालतात. त्यांच्यामुळे मांजरांच्या फेऱ्या कमी होतात, पण बंद होत नाहीत. शिवाय पांढऱ्या रंगाच्या, निळ्या डोळ्यांच्या मांजरांत जन्मजात बहिरेपणाचे प्रमाण मोठे असते आणि अशा मांजरापुढे या यंत्राचे काहीच चालत नाही.

वासाच्या उपायांची यादी लांबलचक असली तरी त्यांचा उपयोग थोडा आणि धोका मोठा आहे. लिंबू-संत्र्याच्या साली निरुपद्रवी आहेत, पण एक-दोन दिवसांत सुकतात आणि पावसाच्या एका सरीनंतर त्यांचा वासही उरत नाही. डांबरगोळ्या वाफ्यात टाकू नयेत. त्यांतील नॅप्थलीन मांजरांना विषारी आहे, ते मातीत उतरते आणि लहान मुले त्या गोळ्या उचलून तोंडात घालण्याचाही धोका असतो. फिनेलही वापरू नये. फिनॉल गटातील द्रव्यांचे विघटन करण्याची मांजराच्या यकृताची क्षमता फार कमी असते, आणि पंजाला लागलेले द्रव्य ती चाटून पोटात घेते. टी-ट्रीसारखी सुगंधी तेले याच कारणाने घातक ठरतात. मिरचीपूड पसरणे हे तर निव्वळ क्रौर्य आहे. ती पंजांवरून डोळ्यांत जाते, वाऱ्याने आपल्याही डोळ्यांत उडते आणि पाणी दिले की निष्प्रभ होते. मांजराला विष घालणे किंवा इजा करणे बहुतेक देशांत कायद्याने गुन्हा आहे.

वाफ्याचा मार्ग बंद करताना मांजराला पर्यायी जागा दिल्यास काम बरेच सोपे होते. बागेच्या आडोशाच्या कोपऱ्यात, वाफ्यांपासून दूर, साधारण एक मीटर लांब-रुंद जागेत कोरडी वाळू किंवा बारीक माती भुसभुशीत करून ठेवावी आणि तेथील विष्ठा रोज उचलावी, कारण घाण साचली की मांजर पुन्हा वाफ्याकडे वळते. मांजर पाळीव असेल तर तिच्या मालकाशी शांतपणे बोलावे आणि घरात किंवा अंगणात वाळूचा ट्रे ठेवण्याची विनंती करावी. तक्रारीच्या सुरात बोलल्यास पुढचे संभाषणच खुंटते. निर्बीजीकरण न केलेले बोके हद्द आखण्यासाठी झुडपांवर मूत्राचे फवारे मारतात, त्यामुळे निर्बीजीकरणाने हा त्रास आणि त्यांची भटकंती दोन्ही कमी होतात. भटक्या मांजरांसाठीही पकडून, निर्बीजीकरण करून त्याच परिसरात सोडण्याची पद्धत अनेक ठिकाणी राबवली जाते.

वाफ्यात विष्ठा आढळल्यास ती त्याच दिवशी काढावी. टोक्सोप्लाझ्मा गोंडाय या परजीवीचा संसर्ग प्रथमच झालेल्या मांजराच्या विष्ठेतून साधारण एक ते तीन आठवडे त्याची अंडाणुरूपे (अंड्यांसारखी सूक्ष्म रूपे) बाहेर पडतात. ती ताज्या विष्ठेत संसर्गक्षम नसतात, एक ते पाच दिवसांत होतात आणि त्यानंतर ओलसर मातीत अनेक महिने टिकून राहू शकतात. म्हणून रोजच्या रोज सफाई करण्याला अर्थ आहे. हातमोजे घालून, विष्ठेभोवतीच्या मातीसह ती खुरप्याने उचलावी, पिशवीत बांधून कचऱ्यात टाकावी आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. ही विष्ठा कंपोस्ट खड्ड्यात टाकू नये. गरोदर महिलांनी, तसेच रोगप्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या व्यक्तींनी हे काम दुसऱ्याकडे सोपवावे, आणि त्याच बागेतील पालेभाज्या वाहत्या पाण्यात नीट धुऊनच वापराव्यात. मूत्राचा वास घालवण्यासाठी फरशी किंवा कुंपण धुताना अमोनियायुक्त द्रव वापरू नये. तो वास मांजराला मूत्रासारखाच वाटतो आणि ती तेथेच परतते.

उकरलेल्या वाफ्याची दुरुस्ती लांबवू नये. उपटलेली रोपे मुळे सुकण्याआधी, शक्यतो सकाळीच, पुन्हा लावून दाबून घ्यावीत आणि दुपारच्या उन्हात दोन-तीन दिवस सावली करावी. मूत्र पडलेल्या जागी क्षार व नत्राच्या अतिरेकाने पानांच्या कडा करपतात. तेथे झारीने दोन-तीन वेळा भरपूर पाणी सोडून माती धुऊन काढावी आणि करपलेली रोपे काढून नांगी भरावी, म्हणजे त्या रिकाम्या जागी नवी रोपे लावावीत. नांगी भरलेली जागा पुन्हा उघडी आणि भुसभुशीत झालेली असते, म्हणून रोप लावल्याबरोबर तिच्यावर जाळीचा तुकडा किंवा चार काटक्या त्याच वेळी लावाव्यात.