अंधांसाठी स्मार्ट स्टिकचं प्रोजेक्ट करताय? या चुका टाळा

सिनॉप्सिस, म्हणजे प्रोजेक्टचा आराखडा, द्यायचा सीझन आला की ईएनटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) निदान एका तरी ग्रुपचा विषय ठरलेला असतो, स्मार्ट ब्लाइंड स्टिक. अर्डुइनो उनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड), एचसी-एसआर०४ अल्ट्रासोनिक सेन्सर (कानाला न ऐकू येणारा आवाज सोडून त्याच्या इकोवरून अंतर मोजणारा), बझर, पीव्हीसी पाइप, सामान पुण्याच्या तपकीर गल्लीतून नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एका फेरीत मिळतं आणि पोरं कामाला लागतात. विषय मला मनापासून आवडतो. आयआयटी दिल्लीची स्मार्टकेन २०१४ ला लोकांच्या हातात आली, तिची सुरुवातसुद्धा विद्यार्थ्यांच्या कोर्समधल्या प्रोजेक्टनेच झाली होती, म्हणजे हे काम तुमच्या वयाच्या पोरापोरींनी करून दाखवलेलं आहे. पण डिप्लोमा आणि बीईच्या ग्रुप्सना मदत करताना दरवर्षी त्याच त्याच चुका दिसतात, आणि त्यातल्या निम्म्या सोल्डरिंग गन हातात घ्यायच्या आधीच झालेल्या असतात. म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहितोय.

काठीच बदलून टाकणं

सगळ्यात मोठी चूक ही, आणि बाकीच्या बऱ्याच चुका हिच्यातूनच येतात. पांढरी काठी म्हणजे काहीतरी जुनंपुराणं, आपण तिच्या जागी स्मार्ट काठी देणार, असं डोक्यात घेऊन सुरुवात केली की पुढचं सगळं चुकतं. पांढरी काठी जबरदस्त काम करते. ती साधारण छातीच्या हाडापर्यंत येईल एवढी लांब असते, चालताना टोक डावी-उजवीकडे फिरतं आणि पुढचं पाऊल जिथे पडणार ती जागा आधीच तपासली जाते. पायरी, खड्डा, फुटपाथची कड, फरशी संपून माती सुरू झाली, हे सगळं टोकातून हाताला कळतं, शिवाय टोकाच्या आवाजावरून भिंत जवळ आहे की मोकळं आहे याचाही अंदाज येतो. तुम्ही मेडिकलच्या दुकानातून म्हाताऱ्या माणसांची कमरेएवढी, आधाराची काठी आणून तिच्यावर सर्किट बसवलंत की यातलं काहीच उरत नाही.

एका ग्रुपसोबत एका संस्थेत गेलो होतो, तिथल्या एका काकांनी काठी हातात घेतली, आधी मूठ चाचपली, मग टोक फरशीवर दोनदा आपटलं आणि म्हणाले, "पोरांनो, खाली रबर का लावलंय? आवाजच येत नाही." पोरं म्हणाली, काका घसरू नये म्हणून. काका म्हणाले, "मी काठीवर भार टाकत नाही रे, मी तिच्यावरून ऐकतो." मग बझर चालू केला, तर दहा पावलं चालून थांबले आणि विचारलं, "हे वाजत असताना मागून गाडी आली तर मला कळणार कसं?" त्या दोन प्रश्नांनंतर ग्रुपने अख्खं डिझाइन नव्याने केलं, आणि चांगलं केलं.

काठीला जे कळत नाही ते गुडघ्याच्या वरचं. उभ्या टेम्पोचा मागे आलेला फाळका, उघडी राहिलेली खिडकीची झडप, एसीचं बाहेरचं युनिट, खाली आलेली फांदी, दुकानाचा बोर्ड, जिन्याखालचा तिरका भाग. खाली जागा मोकळी असते म्हणून टोक आरपार जातं आणि मार थेट कपाळाला बसतो. स्मार्टकेनने नेमकं एवढंच काम उचललं, नेहमीच्या काठीच्या मुठीवर बसणारं युनिट, गुडघ्याच्या वरचं बघणारं, आणि सांगणार ते कंपनातून. तुमचा सेन्सरपण मुठीजवळ, थोडा वर बघणारा पाहिजे. बहुतेक ग्रुप तो जमिनीपासून फूटभर वर लावतात, म्हणजे टोकाला जे लागणारच आहे तेच सेन्सर परत सांगत बसतो.

यावरूनच, खड्डा शोधायला खाली तोंड करून लावलेला दुसरा अल्ट्रासोनिक सेन्सर काढून टाका. प्रत्येक पावलाला काठीचा कोन बदलतो, त्यामुळे जमिनीपर्यंतचं अंतर सतत बदलतं, आणि अंतराची कुठलीही मर्यादा (थ्रेशोल्ड) ठरवली तरी सपाट कॉरिडॉरमध्येच खड्डे दिसायला लागतात. खड्डा टोकाला कळतो, ते काम त्याच्याकडेच राहू द्या. टोकाला लावलेला पाण्याचा सेन्सरपण तसाच, सतत करंट दिला की त्याच्या पट्ट्या गंजतात आणि रीडिंग बिघडतं.

"सर, समोर काही नाही तरी वाजतंय"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. लॅबमध्ये भिंतीसमोर मस्त चालतं, ग्राउंडवर नेलं की सतत बोंबलतं. कारण असं, इकोचा वेळ मोजणाऱ्या अर्डुइनोच्या पल्सइन फंक्शनला ठरलेल्या वेळेत इको मिळाला नाही की ते शून्य परत देतं. तुमच्या कोडमध्ये लिहिलेलं असतं की अंतर ५० सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर वाजव, आणि शून्य तर ५० पेक्षा कमीच आहे. म्हणून शून्य आलं तर वेगळी अट टाका, समोर रेंजमध्ये काही सापडलं नाही असं धरा. पण इथेच दुसरा धोका आहे, सेन्सरची वायर निघाली तरी शून्यच येणार आणि काठी गप्प बसणार, आणि वापरणाऱ्याला वाटणार रस्ता मोकळा आहे. त्यासाठी चालू केल्यावर सेल्फ टेस्ट ठेवा, मुठीसमोर हात धरला की दोन छोटे झटके बसले पाहिजेत, नाही बसले तर आज युनिट बंद आहे असं समजून नुसत्या काठीवर चालायचं.

पल्सइनचा टाइमआउट स्वतः द्या. काही दिला नाही तर तो १ सेकंद असतो. ४ मीटर जाऊन परत यायला आवाजाला साधारण २३ मिलिसेकंद लागतात, म्हणून २५००० मायक्रोसेकंद पुरेत. आणि लूपच्या शेवटी जो डिले १०००, म्हणजे एक सेकंद थांबा, टाकलेला असतो ना, तो आजच काढा. माणूस सेकंदाला साधारण एक मीटर चालतो, म्हणजे तुमच्या काठीला अडथळा कळेपर्यंत तो एक मीटर पुढे गेलेला असतो. दोन रीडिंगमध्ये ६० मिलिसेकंद ठेवा, डेटाशीटमध्ये तेच सांगितलंय, नाहीतर आधीच्या पल्सचा इको पुढच्या रीडिंगमध्ये घुसतो. दोन-तीन सेन्सर असतील तर एकापाठोपाठ एक फायर करा, एकदम केले की एकाचा आवाज दुसरा ऐकतो आणि आकडे नाचायला लागतात.

मधेच एखादं भलतंच रीडिंग येतं त्याला ॲव्हरेज लावू नका, मीडियन लावा, म्हणजे रीडिंग क्रमाने लावून मधलं घ्या. तीनचा मीडियन बास होतो. टेम्परेचर करेक्शनसाठी डीएचटी११ हा तापमानाचा सेन्सर लावणारे ग्रुप बरेच असतात, त्यांना मी स्पष्ट सांगतो की त्याची गरज नाही. २० वरून ४० डिग्रीला गेलात तर आवाजाचा वेग ३४३ वरून ३५५ मीटर प्रति सेकंद होतो, म्हणजे २ मीटरवर चूक ७ सेंटिमीटरच्या आसपास, आणि चालणाऱ्या माणसाला त्याने काही फरक पडत नाही. तो वेळ वेगवेगळे पृष्ठभाग तपासण्यात घाला. दोरीवर वाळत घातलेली गोधडी, शाल पांघरलेला माणूस, गाडीची तिरकी काच, बारीक पाइप, लोखंडी जाळी, या सगळ्यांसमोर एचसी-एसआर०४ धरून बघा आणि रीडिंगचा तक्ता करा. मऊ कापड आवाज पिऊन टाकतं, तिरकी गुळगुळीत काच तो दुसरीकडे पाठवते. ब्लॅक बुकमध्ये, म्हणजे प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये, हा तक्ता असेल तर एक्स्टर्नल (बाहेरून आलेले परीक्षक) पण नीट वाचतात, कारण कुठे चालत नाही हे लिहिणारे ग्रुप फार कमी असतात.

लेझरवाला व्हीएल५३एल०एक्स सेन्सर घ्यायचा विचार असेल तर त्याची रेंज २ मीटरपर्यंत आहे आणि कडक उन्हात ती बरीच कमी होते. लॅबमध्ये हे कळत नाही, दुपारी बाहेर जाऊनच बघा.

मोटर, बॅटरी, वायरी

बझरच्या जागी व्हायब्रेशन मोटर लावली, छान. पण ती थेट उनोच्या पिनला जोडली की मोटर फिरताना रीडिंग बिघडतं किंवा बोर्डच रीसेट होतो. एका पिनमधून २० मिलिअँपिअरच घ्यायचे असतात, ४० ही शेवटची मर्यादा, आणि नाण्याएवढी मोटर सहज त्याच्या दुप्पट खाते. मधे २एन२२२२ ट्रान्झिस्टर घाला, बेसला १ किलोओहम, मोटरला उलटा डायोड, सप्लायला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. बीसी५४७ बहुतेकांकडे पडलेला असतो पण त्याची मर्यादाच १०० मिलिअँपिअर आहे, एकदम काठावर चालवू नका.

मोटर ग्लू गनने पाइपला चिकटवू नका. मग सगळी काठी थरथरते आणि टोकाकडून येणारी जी बारीक माहिती असते ती त्यात हरवते. मोटर अंगठ्याखाली, फोमच्या तुकड्यावर. आणि अंतर सांगायला जोर कमी-जास्त करण्यापेक्षा झटके लवकर-उशिरा द्या, लांब असेल तर सावकाश, जवळ आलं की भरभर. जोरातला फरक चालताना हाताला नीट कळत नाही.

चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी अजिबात नको. तिच्यात ५०० मिलिअँपिअर-अवरच्या आसपास दम असतो, त्यातले ९ चे ५ करताना रेग्युलेटर जवळपास निम्मी ऊर्जा गरम होऊन घालवतो, आणि उनो बोर्ड नुसता चालू ठेवला तरी खातच असतो. डेमोच्या दिवशी सकाळी चाललेली काठी दुपारी बंद पडते ती यामुळेच. प्रोटेक्शनवाला १८६५० सेल, टीपी४०५६ चार्जर, बूस्ट मॉड्यूल, आणि उनोऐवजी नॅनो किंवा प्रो मिनी घ्या, वजनपण कमी होईल. ईएसपी३२ वापरत असाल तर सेन्सरचा इको ५ व्होल्टचा येतो, तो १ आणि २ किलोओहमच्या डिव्हायडरमधून (व्होल्टेज कमी करणारी रेझिस्टरची जोडी) घ्या. ब्रेडबोर्ड आणि जंपर वायरी फक्त ट्रायलपुरत्या. काठी दिवसभर आपटत असते, झिरो पीसीबीवर सोल्डर करा आणि वायरींना मुठीत शिरताना गाठ द्या.

जीपीएस, जीएसएम आणि कॅमेरा

घरच्यांना लोकेशनचा मेसेज जावा म्हणून काठीत लावलेल्या एसआयएम८००एल या जीएसएम मॉड्यूलला नेटवर्क येत नाही म्हणून रात्र रात्र जागणारे ग्रुप असतात. तो फक्त २जी वर चालतो आणि जिओकडे २जी नाहीच, त्यामुळे जिओचं सिम घातलं की काही केलं तरी तो रजिस्टर होणार नाही. दुसरं कारण करंट, पाठवताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतो, अर्डुइनोच्या ५ व्होल्ट पिनवरून ते मिळत नाही आणि त्याला व्होल्टेजपण ३.४ ते ४.४ मधलंच लागतं. एलईडी सेकंदाच्या आसपास लुकलुकत असेल तर तो अजून नेटवर्क शोधतोय, तीन सेकंदांनी लुकलुकला तर मिळालं. निओ-६एम जीपीएस लॅबच्या आत फिक्स (जागेचा पत्ता) देत नाही, मोकळ्या आकाशाखाली न्या.

पण माझं मत विचाराल तर हे दोन्ही काढूनच टाका. आज खूप दृष्टिहीन लोक टॉकबॅक (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी अँड्रॉइडची सोय) लावून स्मार्टफोन सफाईने वापरतात, लोकेशन घरी पाठवतात, रिक्षा बुक करतात. त्यांच्या खिशात जे आधीच आहे ते काठीत घालून तुम्ही वजन आणि बिघाड वाढवताय. लिटरेचर सर्व्हेत दहा पेपर लिहिता तसे सीइंग एआय, लुकआउट हे समोरचं ओळखून बोलून सांगणारे ॲपपण वापरून बघून लिहा. नोटा ओळखणारं प्रोजेक्ट असेल तर रिझर्व्ह बँकेचं मनी (MANI) ॲप जानेवारी २०२० पासून आहे आणि ते इंटरनेटशिवाय चालतं, तुमचं त्याच्यापेक्षा कुठे बरं आहे हे आधी ठरवा.

कॅमेरावाल्यांसाठी एवढंच, फोटोतल्या वस्तू ओळखणारं योलोचं रेडीमेड मॉडेल कोको नावाच्या फोटोंच्या संग्रहावर शिकलेलं असतं. त्याच्या ८० प्रकारांत जिराफ आहे, झेब्रा आहे, स्नोबोर्ड आहे, पण रिक्षा नाही, जिना नाही, खड्डा नाही, दरवाजा नाही. आपल्या रस्त्यावरचे फोटो स्वतः काढून, लेबल करून मॉडेल परत ट्रेन करा, कंटाळवाणं काम आहे पण प्रोजेक्टचा खरा जीव तिथेच आहे. प्रत्येक फ्रेमला "पर्सन, पर्सन, पर्सन" बोलत राहिलं तर माणूस ते बंद करून टाकतो, म्हणून बटण दाबल्यावरच बोलू द्या, आणि मराठीत बोलू द्या. ईस्पीक एनजी हे सॉफ्टवेअर इंटरनेटशिवाय मराठी बोलतं, ठरलेली दहा-पंधरा वाक्यंच असतील तर ग्रुपमधल्या कोणाच्यातरी स्पष्ट आवाजात रेकॉर्ड करून डीएफप्लेयर मिनी या ऑडिओ वाजवणाऱ्या मॉड्यूलवर टाका, जास्त छान वाटतं.

टेस्टिंग

मित्राच्या डोळ्यांवर पट्टी बांधून घेतलेली टेस्ट ही टेस्ट नाही. तो दोन मिनिटांपूर्वी बघत होता, काठीचं ट्रेनिंग त्याला नाही, तो घाबरत घाबरत चालणार आणि कुठल्याही बझरला चांगलं म्हणणार. वरळीला नॅब (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) आहे, पुण्यात पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन आहे, मुंबईत झेवियर्स कॉलेजमध्ये एक्सआरसीव्हीसी हे दृष्टिहीनांसाठीचं केंद्र आहे, तुमच्या जिल्ह्यात अंधशाळा असेल. फोन करून वेळ घ्या, आणि जायचं ते सिनॉप्सिसच्या आधी, सगळं झाल्यावर फोटो काढायला नाही. पहिल्या भेटीला काहीच बनवून नेऊ नका, फक्त विचारा की रोजच्या वाटेवर कुठे लागतं, कुठे अडतं. कोणालाच अजिबात दिसत नाही असंही धरू नका, बऱ्याच जणांना थोडं दिसतं आणि त्यांच्या अडचणी वेगळ्या असतात.

न विचारता हात धरून ओढायचं नाही. आधी तोंडाने सांगा की हे काय आहे, मग वस्तू हातात द्या, त्यांना सावकाश चाचपू द्या. नेहमीची काठी काढून घ्यायची नाही, तुमचं युनिट त्याच काठीवर बसेल असं करून न्या. ट्रायल कॉरिडॉरमध्ये, नंतर आवारात, वाहत्या रस्त्यावर कधीच नाही. फोटो-व्हिडिओला परवानगी विचारा, जायचा-यायचा खर्च तुम्ही द्या, आणि तुमचं काही आवडलं नाही असं ते म्हणाले तर वाद न घालता लिहून घ्या.

शेवटचं, १६ बाय २ चा एलसीडी. एक्स्टर्नलना आकडे दिसावेत म्हणून लावता हे माहितीये, ते लॅपटॉपवर सीरियल मॉनिटरमध्ये दाखवा, काठीवर नको. तसंच चार्जिंगचं, टीपी४०५६ वर लाल-निळा एलईडी असतो, जो वापरणाऱ्याला दिसणारच नाही. चार्जिंग सुरू झालं की एक झटका, पूर्ण झालं की तीन, बॅटरी उतरली की वेगळा लांब झटका, एवढं कोडमध्ये घाला. स्विच सरकवायचा घ्या म्हणजे चालू की बंद ते बोटाला कळतं, आणि पोर्ट टाइप-सी घ्या, पिन कुठल्याही बाजूने जाते. व्हायवा झाल्यावर युनिट कोणाला द्यायचं ठरवलं असेल तर आधी त्यांना हवंय का विचारा, सुटा सेल आणि मोटर सोबत द्या, आणि बिघडलं तर कोणाला फोन करायचा तो नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या.