छोट्या पेट्रोल इंजिनाचं ट्यूनिंग: आधी एल निडलकडे बघा

मॉडेल विमानाचं थ्रॉटल उघडल्याबरोबर इंजिन घुसमटून बंद पडलं, की बहुतेकांचा स्क्रूड्रायव्हर थेट एच निडलकडे, म्हणजे पूर्ण वेगाचं पेट्रोल ठरवणाऱ्या कार्बोरेटरच्या स्क्रूकडे जातो. माझा आग्रह असतो, आधी एल, म्हणजे कमी वेगाच्या पेट्रोलची निडल बघा. मॉडेल विमानांच्या टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिनांवर बहुतेक वेळा वॉल्ब्रो पद्धतीचा डायफ्रॅम (लवचिक पडदा) असलेला कार्बोरेटर असतो. त्यात एल निडलमधून येणारं पेट्रोल फुल थ्रॉटललाही चालूच राहतं. त्यामुळे एल हलवली की एचचं गणितही बदलतं. एच हलवून आयडलवर (थ्रॉटल मिटलेलं असताना इंजिन हळू फिरतं तेव्हा) मात्र फारसा फरक पडत नाही.

निडलला हात लावण्याआधी बाकीचं नीट करून घ्या. ऑइलचं प्रमाण इंजिनाच्या पुस्तिकेत असेल तेच ठेवा; ४०:१ असेल तर एक लिटर पेट्रोलला २५ मिलि. ग्लो इंजिनाची (मिथेनॉलवर चालणाऱ्या) सिलिकॉन नळी इथे चालत नाही, पेट्रोलने ती फुगते. टाकीत क्लंक (पेट्रोल ओढणाऱ्या नळीच्या टोकाचं वजन) मोकळा फिरतो ना, फिल्टर साफ आहे ना, हे पाहा. कार्बोरेटरच्या पंपाकडच्या झाकणाखाली एक बारीक जाळी असते. तिच्यात कचरा अडकला असेल, तर निडल कितीही फिरवा, इंजिन लीनच, म्हणजे कमी पेट्रोलवर, चालणार.

विमान घट्ट बांधा किंवा जाणत्या माणसाला धरायला लावा. निडल नेहमी प्रॉपच्या (पुढच्या पंख्याच्या) मागे उभं राहून फिरवायची, आणि प्रॉपच्या फिरण्याच्या रेषेत कोणीही थांबायचं नाही. इग्निशनचा स्विच हाताशी असू द्या. यात सवलत नाही.

दोन्ही निडल अलगद बसेपर्यंत आत घ्या, जोर लावू नका, टोक खराब होतं. मग दोन्ही साधारण दीड फेरा बाहेर काढा. इंजिन सुरू करा आणि चांगलं गरम होऊ द्या. थंड इंजिनावर केलेलं सेटिंग टिकत नाही.

आता फुल थ्रॉटल द्या आणि एच थोडी थोडी आत घ्या, एका वेळी फेऱ्याचा आठवा भाग, त्याहून जास्त नको. दर वेळी आरपीएम स्थिरावू द्या. टॅकोमीटरवर आकडा चढत जाईल, एका जागी थांबेल आणि मग घसरू लागेल. त्या कमाल आकड्यावर इंजिन सोडू नका. एच परत बाहेर काढा, आरपीएम दोनशे-तीनशेने उतरू द्या. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच आत जातं; मिश्रण लीन झालं की ऑइलही कमी पडतं आणि पिस्टन तापून जाम होतो.

मग आयडल. एल आत घेत जा. आरपीएम वाढेल आणि पुढे इंजिन अडखळू लागेल. तिथून किंचित बाहेर या. आयडल स्क्रूने वेग अठराशेच्या आसपास आणा. काही सेकंद आयडलवर ठेवा आणि थ्रॉटल झटकन पूर्ण उघडा. खरी परीक्षा हीच. क्षणभर गप्प होऊन दचकलं किंवा बंदच पडलं, तर एल लीन आहे, थोडी उघडा. गुरगुरत, धूर टाकत हळूहळू वर गेलं, तर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, आहे, थोडी आत घ्या. हे जमलं की पुन्हा फुल थ्रॉटलला एच तपासा, कारण मघाशी एल हलली आहे. दोन्हींमध्ये एकदोनदा ये-जा करावी लागतेच.

शेवटी विमानाचं नाक सरळ वर करून काही सेकंद फुल थ्रॉटल ठेवा. आवाज बारीक होऊन आरपीएम पडू लागला, तर एच थोडी उघडा.

जमिनीवर सगळं ठीक आणि हवेत गेल्यावर इंजिन लीन, असं झालं तर निडल सोडा, काउल (इंजिनावरचं आवरण) बघा. कार्बोरेटरच्या डायफ्रॅमच्या झाकणाला एक बारीक छिद्र असतं, आणि त्यातून डायफ्रॅमला बाहेरच्या हवेचा दाब कळतो. काउलमधला वारा त्या छिद्रावरून सुसाट गेला, की दाब बदलतो आणि मिश्रणही. झाकण काढून त्या छिद्रावर पितळेची छोटी नळी डाग देऊन बसवा. तिला लवचिक नळी जोडून ती फ्युजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) आत, शांत हवेत सोडा. डाग देताना छिद्र बुजणार नाही एवढं सांभाळा, आणि झाकण परत लावल्यावर सगळं ट्यूनिंग पुन्हा पहिल्यापासून तपासा.